घोडा थांबला की कोरडा? एका डोगरी लेखकाच्या ट्रंकेचं प्रकरण

हे प्रकरण जम्मूतल्या एका डोगरी कादंबरीकार-नाटककाराचं आहे. ते हयात आहेत, म्हणून त्यांचं नाव, गाव, पुस्तकांची शीर्षकं आणि त्यांच्या आयुष्यातली सालं इथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. गल्लीतले सगळे त्यांना मास्टरजी म्हणतात, मीही तेच म्हणते. नवऱ्याच्या बदलीमुळे मी तीन वर्षं जम्मूत होते. त्याआधी पुण्यात जुन्या नाट्यसंहितांच्या याद्या करण्याचं काम केलं होतं. एवढ्या भांडवलावर मास्टरजींच्या सूनबाईंनी मला घरी बोलावलं आणि पलंगाखालून एक लोखंडी ट्रंक ओढून पुढ्यात ठेवली.

पार्श्वभूमी

मास्टरजी जम्मूच्या पश्चिमेला, पाकिस्तानच्या सीमेलगत असलेल्या छंब-अखनूर पट्ट्यातले. शाळा उर्दूतून झाली. जम्मू-काश्मीर संस्थानात १८८९ पासून दरबारी कारभार उर्दूत चाले, आणि ती चाल पुढेही बराच काळ टिकली. त्यांच्या पिढीचा मुलगा घरी डोगरी बोले, पाटीवर अलिफ-बे गिरवी, आणि देवनागरी त्याला पोथीपुरती माहीत असे. पहिल्या कथा त्यांनी उर्दूत लिहिल्या. त्या छापूनही आल्या.

१९६५ च्या सप्टेंबरात छंबवर हल्ला झाला आणि सगळा पट्टा रिकामा झाला. ताश्कंद करारानंतर माणसं परतली. १९७१ च्या युद्धात छंब पाकिस्तानकडे गेलं ते मात्र परत आलं नाही. विस्थापितांच्या छावणीत म्हाताऱ्या बायका आपल्या विहिरीबद्दल, बांधाबद्दल, मागे राहिलेल्या म्हशीबद्दल बोलत. ते बोलणं उर्दूत उतरेना. मास्टरजी मला म्हणाले होते, उर्दूत त्यांचं रडणं लिहिता आलं, भांडणं लिहिता आली नाहीत. तिथून ते डोगरीकडे वळले.

हा निर्णय त्या काळात किती धाडसाचा होता, हे सांगायला हवं. डोगरी संस्था १९४४ साली जम्मूत स्थापन झाली. रामनाथ शास्त्रींचं ‘बावा जित्तो’ हे नाटक १९४८ मधलं. कादंबरीला १९६० उजाडावं लागलं, आणि त्या एकाच वर्षी नरेंद्र खजूरिया, मदन मोहन शर्मा आणि वेद राही अशा तिघांच्या कादंबऱ्या आल्या. (हेच वेद राही पुढे मुंबईत आले, बाबूजी सुधीर फडक्यांनी तडीस नेलेल्या ‘वीर सावरकर’ चित्रपटाचे दिग्दर्शक ते.) साहित्य अकादमीने डोगरीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं २ ऑगस्ट १९६९ रोजी. आठव्या अनुसूचीत जागा मिळायला २००३ ची घटनादुरुस्ती लागली, आणि जम्मू-काश्मीरच्या राजभाषांमध्ये नाव यायला २०२०. म्हणजे मास्टरजींनी डोगरी धरली तेव्हा ‘ही तर पंजाबीची बोली’ असं तोंडावर सांगणारे लोक भरपूर होते.

नोकरी प्राथमिक शिक्षकाची. कादंबऱ्या दोन, त्याही काहीशे प्रतींच्या, सायकलच्या कॅरियरला बांधून स्वतः वाटलेल्या. नाटकं मात्र पुष्कळ. जम्मूच्या रेडिओ केंद्रावरून डोगरी नाटकं प्रसारित होत, त्याचं मानधन मिळे. रंगमंचावरच्या नाटकाला गावंच्या गावं येत. त्यांचं सर्वांत गाजलेलं नाटक कारकाच्या धाटणीवर बेतलेलं होतं. कारक म्हणजे तिकडच्या लोकदैवतांची, संतपुरुषांची गायलेली कथा. बावा जित्तोचीही कारक आहे. पडीक जमीन कसायला घेताना चौथा हिस्सा ठरला. पीक बघून जमीनदाराने निम्मा मागितला, तेव्हा गव्हाच्या राशीवरच जीव देणारा हा शेतकरी. त्याच्या नावाने दर कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जम्मूजवळच्या झिडी गावी मोठी जत्रा भरते. मास्टरजींनी लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून ती कारक ऐकलेली. नाटक लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी सूत्रधाराच्या जागी कारक गाणारा जोगी उभा केला.

अडचण

ट्रंकेत अकरा वह्या होत्या. शाळेचे जुने हजेरीपट होते, त्यांच्या कोऱ्या बाजूंवर नाटकं लिहिलेली. काही रेडिओ-संहितांच्या फिकट झालेल्या चक्रमुद्रित प्रती होत्या. आणि त्या गाजलेल्या नाटकाची प्रॉम्प्टरची एकच प्रत होती, तांबड्या पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. तळाला दोन पावसाळ्यांची ओल.

छापलेल्या कादंबऱ्या देवनागरीत होत्या, पण कच्चं लेखन सगळं फारसी लिपीत. छापायला देताना मास्टरजी स्वतः देवनागरीत उतरवून देत. जे छापलं गेलं नाही ते तसंच राहिलं. मुलाला ती लिपी येत नाही, सुनेला येत नाही, नातीला तर नाहीच. आपल्याकडे मोडीतल्या कागदांचं जे झालं तेच. घरात पेटी आहे, पेटीत आजोबांचं अक्षर आहे, आणि घरात कोणालाही ते लागत नाही.

त्यात मास्टरजींना काचबिंदू. एका डोळ्याची दृष्टी गेलेली, दुसऱ्याने सकाळच्या उन्हात, अंगणात खुर्ची टाकून, फार तर पाऊण तास वाचता येई. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं की ही दृष्टी वर्ष-दीड वर्ष टिकली तरी खूप. थोडक्यात, स्वतःच्या वह्या वाचू शकणारा बहुधा शेवटचा माणूस तो स्वतःच, आणि त्याच्याकडे रोजची पंचेचाळीस मिनिटं.

समोरचे पर्याय

थोरल्या मुलाचं म्हणणं होतं की पहिली कादंबरी हिंदीत करून घ्यावी. त्याची बाजू खोटी नव्हती. २०११ च्या जनगणनेत डोगरी मातृभाषा सांगणारे सुमारे २६ लाख. त्यात डोगरी वाचणारे कमी, विकत घेऊन वाचणारे त्याहून कमी. हिंदीत आली तर कादंबरी चार राज्यांत पोचेल, कदाचित हिंदीवरून मराठीतही येईल. आपल्याकडे डोगरीतून जे काही आलं ते बरंचसं याच पुलावरून आलं.

दुसरा पर्याय, ट्रंक जशीच्या तशी एखाद्या संस्थेकडे सोपवावी. तसं एकदा झालंही होतं. एका ठिकाणी वह्या दिल्या, त्या दोन वर्षं न उघडता परत आल्या. त्यामुळे मास्टरजींचं मन उडालेलं.

तिसरा, छापील कादंबऱ्यांची डोगरीतच नवी आवृत्ती काढावी. हे सर्वांत सोपं होतं.

चौथा पर्याय खुद्द मास्टरजींचा. छापलेलं राहू दे, ते कुठेतरी टिकेल. आधी न छापलेलं वाचून घ्या.

मी चौथ्याच्या बाजूने बोलले आणि अजूनही मला तो बरोबर वाटतो. छापील पुस्तकाची एखादी प्रत कुठल्या तरी कपाटात सापडते; वही गेली की गेली. मुलगा नाराज झाला, पण त्याने अडवलं नाही. फक्त एवढंच म्हणाला की वडलांच्या डोळ्यांचे दिवस तुम्ही खर्च करणार आहात, हे ध्यानात असू द्या. ते वाक्य पुढे मला अनेकदा आठवलं.

काय केलं

ठरलं असं: रोज सकाळी मास्टरजी वहीतून मोठ्याने वाचतील, मी ध्वनिमुद्रण करीन, आणि नंतर ऐकून देवनागरीत टंकित करीन. मला डोगरी येत नव्हती, पण दीड वर्ष बाजारहाट करून कानाला सवय झाली होती. लिपी तर आपलीच. ण नीट उच्चारता येतो म्हणून मास्टरजी खूश होते. हिंदीवाले त्याचा न करतात, ही त्यांची जुनी तक्रार. मला ते ‘धी’ म्हणत, म्हणजे लेक. जुन्या मराठीतली ‘धूव’ तीच, असं मी सांगितल्यावर त्यांनी तो शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

पहिल्या चार महिन्यांत तेवीस तासांचं मुद्रण झालं. मी रोज दुपारी बसून टंकित करत होते आणि काम चांगलं चाललंय असं समजत होते.

मग एके दिवशी पहिल्या वहीतलं एक प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. छंब सोडून निघालेलं कुटुंब टांग्यात आहे, मागे धूर दिसतोय, म्हातारी उतरायचं म्हणून हट्ट करते, आणि टांगेवाला काही न बोलता बसून राहतो. मी वाचलं, ‘कोड़ा रुकी गेआ’. कोरडा, म्हणजे चाबूक, थांबला. मला ते फार आवडलं होतं. टांगेवाल्याचा उगारलेला हात तिथेच थबकला, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं.

मास्टरजींनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी कपातला चहा थोडा टेबलावर सांडला, बोट बुडवलं आणि एक रेघ काढली. आधी खाली गेलेली, मग वर आलेली. ‘घोड़ा,’ ते म्हणाले. बाजूला दुसरी रेघ, सरळ. ‘कोड़ा.’

डोगरीत शब्दाच्या सुरुवातीचा घ आपल्यासारखा उच्चारत नाहीत. तो क सारखा येतो, पण त्याबरोबर आवाज खाली दबतो. झ, ढ, ध, भ यांचंही तसंच. महाप्राण जातो आणि त्याची जागा सूर घेतो. लिहिताना घोड़ा, ऐकताना जवळजवळ कोड़ा. माझ्या मराठी कानाला तो दबलेला सूर ऐकूच आला नव्हता. टांगेवाल्याचा हात थबकलाच नव्हता. घोडा थांबला होता. तो रोज जिथून वळायचा तिथे, सवयीने, घरच्या वाटेवर. माझ्या एका अक्षराने त्या म्हाताऱ्या जनावराला प्रकरणातून काढून टाकलं होतं.

आणि हे एकाच ठिकाणी झालं असेल असं मानायला काही आधार नव्हता. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी जो चढा सूर येतो त्यासाठी देवनागरी डोगरीत अक्षरापुढे वर एक स्वल्पविरामासारखी खूण करतात. ख’ल्ल म्हणजे खाली. मी त्या खुणा अंदाजाने दिल्या होत्या, पुष्कळ ठिकाणी दिल्याच नव्हत्या.

सर्वांत वाईट भाग पुढेच आहे. वहीत फारसी लिपीत तो शब्द स्वच्छ लिहिलेला होता. उर्दूत घोडा गाफ आणि दोचश्मी हे घालून लिहितात, कोडा काफने. पानाकडे एकदा पाहिलं असतं तर शंकाच उरली नसती. पण मी पानांचे फोटो काढले नव्हते. वाचताना पान क्रमांकही बोलून घेतला नव्हता. तेवीस तासांतला कुठला तुकडा कोणत्या वहीतल्या कोणत्या पानाचा, हे शोधायला पुन्हा तेच डोळे लागणार होते.

इथे काम थांबवून आम्ही विचार केला. पुन्हा पहिल्यापासून वाचायचं की पुढे जायचं? मास्टरजी म्हणाले, पुढे जायचं. मागचं कोणी तरी जुळवेल. पुढचं मात्र त्यांच्याशिवाय कोणी वाचणार नाही. त्या दिवसापासून वाचायच्या आधी पानाचा फोटो आणि वाचताना पानाचा आकडा, हा नियम झाला.

मागचं जुळवणारा माणूस अनपेक्षित ठिकाणी सापडला. जम्मूकडे जमिनीची दफ्तरं पिढ्यान्पिढ्या उर्दूत लिहिली गेली. जमाबंदी, गिरदावरी, इंतकाल, सगळं शिकस्ता वळणाच्या घाईच्या अक्षरात. गल्लीच्या टोकाला एक निवृत्त पटवारी राहत. साहित्याशी त्यांचा संबंध शून्य, पण वाईट अक्षर वाचण्यात आयुष्य गेलेलं. ते भिंग घेऊन आले आणि मास्टरजींच्या वह्या सातबाऱ्यासारख्या वाचू लागले. बोट ओळीखाली, ओळ संपली की मान वर. त्यांची अडचण एकच, लिहिलेलं ते उर्दूच्या वळणाने म्हणत. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत आणि ण ला वेगळं अक्षर नाही, त्यामुळे पटवारीजींचं वाचन आणि माझं ऐकणं, दोन्ही अर्धी. दोन्ही शेजारी ठेवली की मात्र शब्द उभा राही.

आणि तिसरा कान घरातच होता. नात कॉलेजात शिकणारी, घरी हिंदी बोलणारी. ‘हिला डोगरी येत नाही’ असं सगळे सांगत, तीही सांगे. एकदा मी आणि पटवारीजी एका शब्दावर अडलो होतो. ती स्वयंपाकघरातून जाताना म्हणाली, आजोबा ‘घ’ म्हणतायत. आम्ही दहा शब्द वाजवून पाहिले. तिने दहाही अचूक सांगितले. आजी गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. तोवर रात्री तिच्याच कुशीत झोपायची. बोलायला लाज वाटे, पण सूर कानात बसलेला होता. पुढची सगळी तपासणी तिने केली.

नाटकाच्या बाबतीत प्रश्न वेगळा. प्रॉम्प्टरच्या प्रतीत शेवटचा प्रवेश दिग्दर्शकाने बदललेला, नटांनी वाक्यं तोडलेली, आणि मास्टरजींची मूळ वही वेगळंच सांगणारी. खरी संहिता कोणती धरायची? मी पुण्यात शिकले होते की लेखकाची प्रत प्रमाण. मास्टरजींनी प्रॉम्प्टरची प्रत प्रमाण मानली. लोकांनी ते नाटक पाहिलं होतं, वही कोणी पाहिली नव्हती. आम्ही त्यांचं ऐकलं आणि मूळ शेवट परिशिष्टात घेतला.

पण दोन्ही प्रतींत जोग्याच्या गाण्याच्या जागी फक्त दोन शब्द: ‘इत्थै कारक’. इथे कारक. गाणारा खराखुरा जोगी होता, त्याला शब्द पाठ होते, कोणी लिहून घेतलेच नाहीत. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मास्टरजींनी चार दिवस आठवून आठवून काही कडवी सांगितली आणि पाचव्या दिवशी म्हणाले, हे मी आत्ता रचतोय, त्याचं नाही. मग ती कडवी आम्ही घातली नाहीत. छापील पुस्तकातही तिथे ‘इत्थै कारक’ एवढंच आहे, नऊ ठिकाणी.

निष्पत्ती

अकरा वह्यांपैकी सात मास्टरजींच्या आवाजात मुद्रित झाल्या. त्यातल्या पाच देवनागरीत उतरून तिघांनी तपासल्या. ते नाटक आणि दोन रेडिओ-नाटकं मिळून एक पुस्तक छोट्या आवृत्तीत निघालं, डोगरीत. रेडिओची बाकी नाटकं घेता आली नाहीत, कारण त्यांचे हक्क कोणाकडे हे करारपत्र पाहिल्याशिवाय कळत नव्हतं आणि ट्रंकेत करारपत्रं नव्हती. कादंबरीची नवी आवृत्ती रखडली आहे. हिंदी अनुवाद नात करते आहे. तिच्या वडलांना त्याचं समाधान आहे.

दीड वर्ष पुरं होण्याआधीच, चौदाव्या महिन्यात, मास्टरजींचं वाचणं बंद झालं. चार वह्या राहिल्या. माझ्या पहिल्या चार महिन्यांची दुरुस्ती करायला त्यांच्या निदान चाळीस सकाळी गेल्या, असा माझा हिशोब आहे. चाळीस सकाळींत किमान एक वही झाली असती.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या आठवड्यात एक शब्दही वाचून न घेता सगळ्या पानांचे फोटो काढीन आणि पानांवर पेन्सिलीने आकडे घालीन. त्याला मास्टरजींच्या डोळ्यांची गरज नव्हती. ढगाळ दिवशीही ते काम होण्यासारखं होतं. मी घाई केली ती चुकीच्या जागी.

पहिलं पान टंकित झाल्याबरोबर लेखकाला वाचून दाखवीन. चार महिने मी ते केलं नाही, कारण त्यांची पाऊण तासाची वेळ वाचवत होते. त्या काटकसरीचीच किंमत पडली.

घरातल्या प्रत्येकाला बसवून दहा शब्द ऐकवीन. ‘येत नाही’ हे उत्तर बोलण्याबद्दलचं असतं, ऐकण्याबद्दलचं नसतं, हे मला नातीमुळे कळलं. परप्रांतातल्या मराठी घरांतही अशी मुलं मी पाहिली आहेत: उत्तर इंग्रजीत देतात, पण आजीचा टोमणा त्यांना बरोबर कळतो.

पटवारीजींकडे आधी जाईन. लिपीचे जाणकार म्हणून मी पत्रं पाठवत बसले होते विद्यापीठांतल्या मंडळींना. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले नव्हते.

चौथा पर्याय निवडला याचा मात्र पश्चात्ताप नाही. थोरल्या मुलाला अजूनही वाटतं की हिंदी कादंबरी आधी व्हायला हवी होती, वडलांना हयातीत मोठा वाचक मिळाला असता. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

आमची बदली झाली, मी पुण्यात आहे. राहिलेल्या वह्यांचे सगळे फोटो नातीने काढले आहेत. आठव्या वहीच्या पहिल्या पानावरच्या चार ओळी पटवारीजींनी लावल्या. पाचव्या ओळीत एक शब्द आहे, तो त्यांना लागत नाही. काल तिने तो मोठा करून मला पाठवला. मलाही लागला नाही. रविवारी ती आजोबांच्या तळहातावर बोटाने ते अक्षर काढून दाखवणार आहे.